नुसता मास्क पुरत नाही

'सिमेंटमधलं अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी, मास्क लावला की झालं' असं वर एकांनी लिहिलंय. अर्धं बरोबर आहे. वस्तू शाबूत आहे तोवर धोका कमीच. केबलसाठी तिला ग्राइंडर लावला की घातक धूळ उडते आणि गणित बदलतं.

ऑस्ट्रेलियाचंच उदाहरण घ्या. टेल्स्ट्रा या तिथल्या दूरसंचार कंपनीचे फुटपाथखालचे बरेच जुने पिट (तारांचे जोड ठेवायचे खड्डे) अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे. एनबीएन या देशव्यापी ब्रॉडबँड जाळ्यासाठी ते बदलायला घेतले आणि २०१३च्या मे महिन्यात सिडनीजवळच्या पेनरिथमध्ये लोकांच्या दारासमोर धोकादायक तुकडे पडल्याचं उघड झालं. टेल्स्ट्राला देशभर हे काम थांबवावं लागलं. तिथे २००३च्या अखेरीपासून अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे, पण आधी पुरलेल्याचं काय?

खरी युक्ती म्हणजे पाणी. आधी भिजवायचं, काम चालू असताना ओलं ठेवायचं, हातानेच आणि शक्यतो अखंड काढायचं. मग जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, चिठ्ठी लावून परवानाधारक जागीच टाकायचं. झाडू, कॉम्प्रेसरची हवा, घरातला व्हॅक्यूम यांना हात लावायचा नाही. मास्क पी-२ (बारीक धूळ अडवणाऱ्या) दर्जाचा हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही (हे ऐकून मंडळी चिडतात, अनुभव आहे). कपडेही एकदा वापरून फेकून द्यायचे घ्या. घरी धुवायला नेले तर धूळ घरच्यांच्या फुफ्फुसात. मेसोथेलिओमा (अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग) दिसायला बहुतेकदा २० ते ५० वर्षं लागतात, त्यामुळे 'मला कुठे काय झालं' हा पुरावा होत नाही.