अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलांची जमीन आईने विकायची, तर कोर्टाला का विचारायचं?

काळी_माती:
नात्यातल्या एका घरात हा वाद पेटलाय. वडील वारले. जमीन त्यांनी स्वतः कमावलेली. वारस नोंद झाली, सातबाऱ्यावर आई आणि दोन लहान मुलं लागली, मुलांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे ‘अज्ञान पालन कर्ता आई’. आता जमीन विकायची आहे. खरेदीदार म्हणतो, कोर्टाच्या भानगडीत पडू नका, मुलांची पालक म्हणून तुम्हीच सही करा, एका दिवसात खरेदीखत होतं.

माझं मत स्पष्ट आहे, ही सही होता कामा नये. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ चं कलम ८ सांगतं की नैसर्गिक पालकाला अज्ञानाची स्थावर मिळकत विकायची, गहाण टाकायची, बक्षीस द्यायची किंवा अदलाबदल करायची असेल तर कोर्टाची आधी परवानगी हवी. पाच वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाही हवी. आई असो वा बाप, कुणालाच सूट नाही. मुलांचा हिस्सा मुलांचाच आहे, आई तो फक्त सांभाळते.

बांधावरून:
ताई, बोलायला सोपं आहे. ज्या घरातला कर्ता माणूस गेला त्या घरात सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं, दवाखान्याची उसनवारी असते, मुलांची फी तोंडावर असते. अशा बाईला तुम्ही सांगता की वकील कर, अर्ज दे, तारखा घे. खरेदीदार तारखांसाठी थांबत नाही. तो गेला की पुढचा गरज ओळखून भाव पाडतो. मग मुलांचं हित कुठे राहिलं?

आणि कोर्टात नातेवाइकांना नोटीस निघाली की चुलत्यांना हरकत घ्यायची आयती संधी मिळते. नऊ महिने पोटात वाढवलेल्या आईवर संशय, आणि ज्याचा डोळा जमिनीवर आहे त्याला कोर्टात उभं राहायचा मान. हे मला पटत नाही.

फेरफार_वाचणारा:
जिल्हा न्यायालयात वकिली करतो, म्हणून आधी एक घोळ मिटवतो. वारसाने आलेली प्रत्येक जमीन कलम ८ मध्ये बसत नाही. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला अज्ञानाचा अविभक्त हिस्सा त्यातून बाहेर आहे. कुटुंबाच्या गरजेसाठी कर्त्याने (एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाने) ती मिळकत विकली तर कलम ८ ची परवानगी लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये श्री नारायण बाल प्रकरणात सांगितलं.

याचाच आधार घेऊन लोक दस्तात बिनधास्त ‘वडिलोपार्जित, कौटुंबिक गरजेसाठी’ असं लिहून मोकळे होतात. इथे ते चालणार नाही. बापाची स्वकष्टार्जित जमीन हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ ने आली, तर ती प्रत्येक वारसाची स्वतंत्र मिळकत ठरते. १९८६ च्या चंदर सेन निकालापासून हे पक्कं आहे. शिवाय विधवा आई कर्ता होऊ शकत नाही, हे १९६५ मध्येच गोविंदराम शुगर मिल्सच्या निकालात ठरलंय. आणि हो, मयताची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस. आजीचं नाव सातबाऱ्यावर आहे का, ते आधी बघा.

घेणारा_माणूस:
माझी बाजू कुणीच मांडत नाही म्हणून लिहितो. मी प्रामाणिकपणे पूर्ण रक्कम मोजली, ती मुलांच्या शिक्षणावरच खर्च झाली, आणि भाव वाढल्यावर तीच मुलं येऊन म्हणणार की व्यवहार आम्हाला मान्य नाही? विहीर मी खोदायची, पाइपलाइन मी टाकायची, आणि जमीन परत त्यांना?

काळी_माती:
दादा, परवानगीशिवाय घेतलीत तर हो, हे होऊ शकतं. तसा व्यवहार मुळातच रद्द नसतो, पण मुलाच्या इच्छेने रद्द होण्याजोगा असतो. मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६० प्रमाणे सज्ञान झाल्यापासून तीन वर्षं त्याच्या हातात असतात. आज आठ वर्षांचं मूल असेल तर ते एकवीस वर्षांचं होईपर्यंत तुमच्या मालकीवर टांगती तलवार. मग कोर्टाचे काही महिने जास्त की ही तेरा वर्षं? म्हणून मी म्हणते, परवानगीने खरेदीदारही वाचतो.

फेरफार_वाचणारा:
यात भर घालतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये के. एस. शिवप्पा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं सांगितलं. वडिलांनी मुलांच्या नावचे प्लॉट परवानगीशिवाय विकले होते, मुलांनी सज्ञान झाल्यावर तेच प्लॉट दुसऱ्याला विकले. तसं विकणं म्हणजेच पहिला व्यवहार नाकारणं, त्यासाठी वेगळा दावा लावायलाच हवा असं नाही, असं ठरलं. म्हणजे घेणाऱ्याला दाव्याची नोटीससुद्धा न येता पहिला धक्का बसू शकतो.

घेणाऱ्याला अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. दस्त रद्द करताना, मिळालेला लाभ परत करायला सांगण्याचा अधिकार विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३३ ने कोर्टाला आहे. पण त्या भरवशावर कुणी जमीन घेऊ नये.

काळी_माती:
मला तर वाटतं की कोर्टाचा आदेश जोडल्याशिवाय असा दस्त नोंदवूनच घेऊ नये. नोंदणी कार्यालयातल्या दुय्यम निबंधकाने तिथेच थांबवावं.

बांधावरून:
म्हणजे आणखी एका टेबलावर त्या बाईने हात जोडायचे! आणि तामिळनाडूत विक्रेत्याची मालकी तपासून दस्त नाकारण्याचा नियम होता, तो एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला ना? मालकी ठरवणं हे नोंदणी कार्यालयाचं काम नाही.

काळी_माती:
मालकी ठरवा असं मी म्हणतच नाही. देणारा अज्ञान आहे हे दस्तावरच लिहिलेलं असतं, ते वाचायला कसली चौकशी लागते? आत्ताच्या कायद्यात तो अधिकार नसेल तर द्यावा, एवढंच माझं म्हणणं. आणि आईवर संशय कोण घेतंय? खरेदीखतावर सही आईची असते, पण पैसा बऱ्याचदा मोठ्या दिराच्या किंवा मामाच्या खात्यात जातो. सही नाकारायला त्या बाईला काहीतरी आधार लागतो. ‘कोर्टाने सांगितलं तरच’ हे वाक्य तिला घरात बोलता येतं, माझ्या डोळ्यासमोर बोललं गेलंय.

बांधावरून:
हा मुद्दा मान्य. घरातला दबाव मीही पाहिलाय. पण मग अर्ज किती दिवसांत निकाली निघायला हवा हे कायद्यात का नाही? माझा राग आईला विचारायला लावण्यावर कमी, तिला ताटकळत ठेवण्यावर जास्त आहे.

फेरफार_वाचणारा:
उशीर होतो, आणि त्यातला बराच अर्धवट अर्जामुळे होतो. ‘पैशांची गरज आहे’ एवढ्या एका ओळीवर परवानगी मिळत नाही. गरज किंवा मुलाचा उघड फायदा, यांपैकी एक तरी दाखवावं लागतं. जमीन ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हा न्यायालयात अर्ज करा. सातबारा, फेरफार, मृत्यू दाखला, मुलांचे जन्मदाखले, मूल्यांकन, कर्जाचा बँकेचा दाखला, आणि मुलांच्या हिश्शाचे पैसे कुठे ठेवणार तेही लिहा. कोर्ट ती रक्कम जमा करायला किंवा गुंतवायला सांगू शकतं. स्वतःहून मुदत ठेवीची तयारी दाखवली तर काम हलतं.

तातडी फारच असेल तर आईचा स्वतःचा हिस्सा आहेच, तो विकायला परवानगी लागत नाही. वाटप झालेलं नसल्यामुळे भाव कमी येईल, पण मुलांचा हिस्सा शाबूत राहील.

बांधावरून:
आईने आपला हिस्सा विकून मुलांचा राखायचा, आणि म्हातारपणी तिने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? वकीलसाहेब, तातडीवर हा उपाय नाही. अर्जाला साठ दिवसांची मुदत घाला, मग मी तुमच्या बाजूने बोलेन.

काळी_माती:
मुदतीला माझाही पाठिंबा. तोवर तरी आमच्या नात्यातल्या त्या घरात अर्जच होणार. आजीच्या नावाचं उद्या तलाठ्याकडे बघते.