मदत हवी आहे: बैठका चालवणारीनेच कोणाला दुखावलं, तर तिची बैठक कोणी बोलवायची?

नमस्कार मंडळी. मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, निवृत्त शिक्षिका. चार वर्षांपासून आम्ही आठ-दहा जण गावोगावच्या भांडणांत बैठका घेतो. रिस्टोरेटिव्ह पद्धत म्हणतात ती, आम्ही आपलं ‘सांधणी’ म्हणतो. पैसे घेत नाही आणि निवाडाही देत नाही. कोल्हापूरकडचे पाहुणे विचारतात, “म्हणजे तुमची तंटामुक्तीच की!” पण तिकडे 2007 पासून जी मोहीम आली तिचा भर तंटा मिटवण्यावर. आम्ही आधी विचारतो, कोणाला काय लागलं, ते भरून यायला काय हवं, आणि ते कोणी करायचं. मुलांवरचे किंवा बायकांवरचे अत्याचार, जातीवरून झालेला छळ, असलं काही आलं तर आम्ही हात घालत नाही. ते पोलिसांतच जायला हवं.

बैठकीत भाताची एक लोंबी हातोहात फिरते. ज्याच्या हातात ती, त्यानेच बोलायचं. बोलता बोलता माणसं नकळत ती चोळत राहतात. सगळे उठल्यावर सतरंजीवर कोणासमोर किती दाणे सांडलेत ते बघायची मला सवयच लागली आहे.

आता मूळ गोष्ट. पावसाळ्यात एकाच्या म्हशी शेजाऱ्याच्या तरव्यात, म्हणजे लावणीसाठी वाढवलेल्या भाताच्या रोपांत, शिरल्या. तरवा गेला, लावणी अडली, शिवीगाळ झाली. म्हशीवाले कन्नड बोलणारे, शेतवाले मराठी. आमच्यातली एक बावीस वर्षांची मुलगी दोन्हीकडचं सांगत होती. ती कन्नड शाळेत शिकलेली, मराठी शेजारपाजारात शिकली. म्हशीवाले खाली बघत म्हणाले, “तप्पाय्तु.” तिने सांगितलं, “चूक झाली म्हणतायत.” शेतवाले उसळले, “झाली म्हंजे? आपोआप झाली व्हय?”

बैठक मोडेल या भीतीने मी मध्ये पडले. म्हटलं, “माझंच चुकलं, असं म्हणतायत ते.” ती मुलगी हळूच म्हणाली, “टीचर, ते तसं नाही म्हणाले.” आणि मी सगळ्यांसमोर तिला म्हणाले, “तुला मराठी किती कळतंय?”

ती गप्प झाली. लोंबी तिच्याकडे आली तेव्हा काही न बोलता तिने ती पुढे दिली. म्हशीवाल्यांनी आपल्या तरव्यातली रोपं दिली, प्रकरण मिटलं, लोकांनी आमचं कौतुक केलं. ती मुलगी त्यानंतर आलेली नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडली, तिच्या मागोमाग दोन कन्नड मुलंही गेली.

माझं वाक्य नुसतं रागाचं नव्हतं. 1956 साली राज्यांच्या सीमा आखल्या आणि आमचा भाग कन्नड राज्यात गेला, तेव्हापासून इथे ते दोन्ही बाजूंनी बोललं जातंय. “कन्नड बरंगिल्लेनु?” (कन्नड येत नाही का?) हे मी स्वतः काउंटरच्या खिडकीसमोर उभी राहून ऐकलंय, घरी येऊन रडलेय. तेच मी तिला ऐकवलं. शिवाय त्या माणसाच्या तोंडी माझे शब्द घातले, म्हणजे ती माफी त्याची राहिलीच नाही.

मला तिच्यासमोर बसायचं आहे. पण बैठका बोलावते मीच, आणि बाकीचे बहुतेक माझे जुने विद्यार्थी. माझ्यासमोर कोण तोंड उघडणार? तिच्या घरी जाऊ का? सोसायटी म्हणून नोंदणीचंही चाललंय, सात सभासदांच्या सह्या हव्यात, अध्यक्ष म्हणून माझं नाव आहे. ते काढून घ्यावं का? अनुभव असेल त्यांनी सांगा.

निपाणीकर: टीचर, घरी जाऊ नका. तुम्ही गेलात की तिची आई खुर्ची पुसून देईल, चहा ठेवेल आणि पोरीला “असू दे टीचर” म्हणावंच लागेल. तुम्हाला बरं वाटेल, तिचं तिच्याकडेच राहील. तिच्या भरवशाच्या माणसाकरवी नुसतं विचारा, बसायचं आहे का. “नाही” म्हणायची मोकळीक आहे, हेही त्याच निरोपात जाऊ द्या.

टीचर (धागाकर्ती): पण या पद्धतीची सुरुवातच दारात जाण्यातून झाली ना? 1974 साली कॅनडातल्या एल्मिरा गावात दोन पोरांनी 22 ठिकाणी नासधूस केली होती. मार्क यान्त्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याने सुचवलं आणि पोरं घरोघरी जाऊन त्या लोकांना भेटली.

निपाणीकर: तिथे दार ठोठावणारी पोरं होती, दार उघडणारी मोठी माणसं. तुमच्याकडे उलटं आहे.

चंदगडची शेतकरीण: ताई, बैठक चालवायला बाहेरचं माणूस आणा. त्याला तिची पसंती हवी. आधी त्याने तुम्हा दोघींशी वेगवेगळं बोलावं. जागा तुमच्या ओळखीची नको, शाळा तर नकोच. राजीनामा आत्ता देऊ नका. दिलात की सगळे तुमची समजूत काढायला धावतील आणि ती मुलगी बाजूलाच राहील. हे होईपर्यंत बैठका मात्र दुसऱ्यांना चालवू द्या.

घरात दोन्ही भाषा: माझं सासर कन्नड. आमच्याकडे मान खाली घालून “तप्पाय्तु” म्हटलं की ती पुरी माफी असते. मुलगी बरोबर होती. पुढच्या वेळी मूळ शब्द तसाच ठेवा आणि बोलणाऱ्यालाच विचारा, “जरा उलगडून सांगा.” दुभाष्याला त्या बैठकीत दुसरं काही काम देऊ नका. म्हशीवाल्यांकडेही जाऊन या, त्यांना ठाऊकच नसेल की त्यांच्या नावावर काय सांगितलं गेलं.

टीचर (धागाकर्ती): सगळ्यांचे मनापासून आभार. म्हशीवाल्यांकडे जाऊन आले. ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तिलाही सांगा. मुलीच्या मैत्रिणीकरवी निरोप पाठवला होता. आठ दिवसांनी उत्तर आलं. ती बसायला तयार आहे, अट एकच, बैठक कन्नडात व्हायची. माझं कन्नड बाजारहाटापुरतं, तेव्हा माझ्यासाठी दुभाष्या ती निवडणार. मी हो म्हटलंय. पहिल्यांदाच माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून जाणार आहे, आणि दोन रात्री झोप नाही.

आता एवढंच हवंय. धारवाड, हुबळीकडचं कोणी आहे का, अशी बैठक कन्नडात चालवलेलं? मला न ओळखणारं असेल तर उत्तम. येण्याजाण्याचा खर्च आम्ही देऊ. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.