ओलाव्याच्या घटीचा तक्ता एआय एजंटला भरू द्यावा का?

मिलचा मुनीम, लातूर
लातूरजवळच्या एका मिलमध्ये मी कॉम्प्युटरवर बसतो. सोयाबीनची गाडी काट्यावर आली की मीटरवरचा ओलावा टाकायचा, पुढचा हिशोब सॉफ्टवेअर करतं. तो कसा करायचा हे एका तक्त्यात असतं: माल कोणता, ओलावा किती ते किती, क्विंटलमागे घट किती (म्हणजे ओलाव्यापोटी किती किलो कापायचे), कोणत्या तारखेपासून. एक ओळ म्हणजे एक नियम. पूर्वी मालक फोनवर सांगायचे आणि मी ओळ भरायचो. यंदा एआय एजंट आलाय. मालक मराठीत मेसेज टाकतात, "उद्यापासून १४ च्या वर दीड किलो", आणि एजंट स्वतःच ओळ तयार करून तक्त्यात घालतो.

दुसऱ्याच दिवशी घोळ. नवी ओळ, १४ ते १६ ला दीड किलो, तक्त्याच्या तळाला गेली. वर जुनी ओळ तशीच होती, १२ ते १६ ला एक किलो. आमचं सॉफ्टवेअर वरून खाली वाचत येतं आणि जुळलेल्या पहिल्या ओळीवर थांबतं. म्हणजे नियम तक्त्यात होता, पण दिवसभरात एकाही गाडीला लागला नाही. एजंटनं "ओळ यशस्वीपणे जोडली" असं कळवलं होतं, आणि ते खरंच होतं!

माझं मत सरळ आहे. तक्ता वाचायला एजंट चालेल, लिहायला नको. नवी ओळ कुठं बसवायची आणि कोणती जुनी ओळ बंद करायची हे मुनिमालाच कळतं.

कोडवाला, सिडको, संभाजीनगर
मुनीमजी, एजंटला हत्यारच अर्धं दिलंय, त्याला बोल का लावता? एजंटमधलं एआय मॉडेल फक्त तुमच्या मालकाचं वाक्य समजून घेतं. तक्त्यात लिहितं ते कुणा प्रोग्रॅमरनं बनवलेलं फंक्शन, आणि त्या फंक्शनला "ओळ जोड" एवढंच येतं. "जुनी ओळ आजच्या तारखेला बंद कर" हे कुणी शिकवलंच नाही.

दुसरं, अशा निर्णयतक्त्यांसाठी डीएमएन नावाचं मानक आहे, ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेचं. एका वेळी दोन ओळी जुळल्या तर काय करायचं हे त्यात तक्त्यावरच लिहून ठेवावं लागतं. तुमचा तक्ता "फर्स्ट" प्रकारचा, पहिली जुळली की बास. तोच "युनिक", म्हणजे एका वेळी एकच ओळ जुळावी असा, ठेवला असता तर दोन ओळी एकमेकींवर चढतायत म्हणून तपासणीतच अडकला असता.

आणि मुनिमाच्या हाताचं फार कौतुक नको. एक्सेलमध्ये १०-१२ असं लिहिलं की त्याची १० डिसेंबर होते. असे तक्ते मी डोळ्यांनी पाहिलेत.

औशाचा शेतकरी
तुम्ही घट म्हणा, आम्ही कडता म्हणतो. ओळ कुणी भरली यानं मला काय फरक पडायलाय? २० क्विंटलला दीडच्या हिशोबानं ३० किलो जातात. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ धरला तर १,५९८ रुपये झाले. आन् हिशोबाच्या पट्टीवर नुसतं "घट ३०". कोणत्या नियमानं, कधीपासूनच्या, काही नाही. भांडायचं तर कुणाशी? मीटरशी?

डाळमिलवाला, उदगीर
तक्ता कशाला, सूत्र घाला की. सुका माल तेवढाच राहतो. १५ टक्के ओलाव्याचा क्विंटल १२ वर आणला तर ८५ भागिले ८८, म्हणजे ९६.५९ किलो. घट ३.४१. एजंट नको, ओळी नकोत, वाद नको.

मिलचा मुनीम, लातूर
सूत्र लावलं तर औशाचे दादा मला काट्यावरच उभं धरतील. १६ ला घट ४.५५ येते, आम्ही दीड कापतो. उरलेलं मालक भावात बघतात. मोंढ्यात कुठं वेगळं चालतं?

कोडवाला, सिडको, संभाजीनगर
सूत्रानं सगळं भागतही नाही. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची १२ टक्क्यांची मर्यादा होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं १५ केली, तीही त्या हंगामापुरती. अशा नियमाला "पासून" आणि "पर्यंत" दोन्ही तारखा लागतात. तुमच्या तक्त्यात "पासून" एवढंच आहे, म्हणून जुन्या ओळी मरतच नाहीत.

मी काय करेन सांगतो. एजंट ओळ लिहील, पण कच्ची. मग गेल्या आठवड्याच्या सगळ्या पट्ट्या त्या ओळीसकट पुन्हा चालवून मालकाला दाखवेल: इतक्या गाड्यांची घट बदलली, अमुक इतक्या किलोंनी. तुमच्या त्या ओळीला उत्तर आलं असतं "शून्य गाड्या", आणि मालकानं तिथंच विचारलं असतं, शून्य कसं काय? मालकानं हो म्हटल्यावरच ओळ पक्की.

जालन्याहून
आणि "हो" कुणी म्हटलं ते नावासकट नोंदवा. आमच्याकडं सगळे एकाच पासवर्डनं आत जातात. मग चूक कधी कॉम्प्युटरची असते, कधी सुट्टीवर असलेल्याची.

औशाचा शेतकरी
तोच ओळीचा नंबर आन् तारीख पट्टीवर छापा. माझं तेवढंच मागणं.

मिलचा मुनीम, लातूर
पट्ट्या पुन्हा चालवायचं पटलं. आज कोऱ्या तक्त्यावर हातानं करून पाहिलं, १२ ते १४ एक किलो, १४ ते १६ दीड. एका गाडीवर अडलो. मीटरला बरोबर १४.० होता. दोन्ही ओळी जुळतात. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, सीमा कोणत्या ओळीत धरायची ते कृपया सांगा. हे बरं विचारलं, मी स्वतः इतकी वर्षं कधी विचारलं नव्हतं, मनानंच धरायचो.

मग मालकांना विचारलं, १४.० खालच्यात की वरच्यात? म्हणाले, "गाडी कुणाची आहे?"

कोडवाला, सिडको, संभाजीनगर
मग तक्त्यात तो एक रकाना वाढवावा लागेल.

औशाचा शेतकरी
वाढवा. आन् तोही पट्टीवर छापा.