आजोबांची .३१५ रायफल मिल्ट्रीची कापून केलीय का?

रंकाळाकर: भावांनो, आजोबांची जुनी .३१५ आहे, लायसन बाबांच्या नावावर, दिसती सेम मिल्ट्रीची थ्री-नॉट-थ्री (.३०३). नळी थोडी कापून, नवा दस्ता लावून शिकारी लूक द्यावा म्हणतोय.

जुना बार: नाही रे, ती इशापूरची कारखान्यातलीच स्पोर्टिंग रायफल असणार. बोल्ट ली-एनफिल्डचा, म्हणजे त्या मिल्ट्रीच्या .३०३ चाच, काडतूस मात्र ८ मिमीचं (.३१५ इंच), कारण .३०३ आपल्याकडं सामान्य माणसाला बंद. परदेशात दुसऱ्या महायुद्धानंतर एनफिल्ड, माउझर स्वस्तात मिळायच्या, लोकांनी लाकूड कापून हरणाच्या शिकारीला नेल्या आणि आता न कापलेली अख्खी जुनी शोधत हिंडत्यात!

पंचगंगाकाठ: नळीला हात लावू नकोस लेका, १९५९ च्या आर्म्स अ‍ॅक्टखाली भानगड हुईल. आणि शिकारी लूक करून जाणार कुठं, दाजीपूरच्या जंगलात? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद हाय.

रंकाळाकर: बरं, मग दस्त्याला जवसाचं तेल तेवढं लावतो 😅