बोर्ड: शब्द एक की दोन?

शब्दशोधिनी:
एका जुन्या सागरप्रवासाच्या वर्णनाचा अनुवाद करतेय. एकाच प्रकरणात 'बोर्ड' पाच अर्थांनी आलाय: फळी, जेवणखाण, संचालक मंडळ, जहाजाची बाजू आणि जहाजावर चढणं. फळीचं मंडळ झालं कसं? आणि विमानात बसताना आपण 'बोर्डिंग' करतो, तिथे फळी कुठे असते? कोश अर्थ देतो, नाती सांगत नाही.

सुकाणू:
व्यापारी जहाजांवर हयात गेली, म्हणून शेपटाकडून सुरुवात करतो. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी आणि 'बोर्ड' म्हणजेच जहाजाची कड. बोर्डिंग, ओव्हरबोर्ड ही सगळी त्या कडेची पिल्लं. विमानांनी आमचीच भाषा उचलली.

उजव्या बाजूला स्टारबोर्ड म्हणतात. उमेदवारीत असताना मी त्याचा संबंध थेट ध्रुवताऱ्याशी जोडून भाव खाल्ला होता. वरिष्ठांनी तो तिथल्या तिथे उतरवला. तो 'स्टार' ताऱ्याचा नव्हे, 'स्टीअर'चा भाऊ. मागे मधोमध सुकाणू बसवायची पद्धत येण्याआधी जहाज वळवायचं वल्हं उजव्या कडेला असे. ते चिरडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावत. म्हणून डावी 'पोर्ट'. पण तिचं जुनं नाव 'लारबोर्ड'. आता वादळात कोणी लारबोर्ड ओरडलं आणि सुकाणूवरच्याला स्टारबोर्ड ऐकू आलं, तर? ब्रिटिश नौदलाने १८४४मध्ये हुकूम काढून तो शब्दच बंद केला.

पंक्तिप्रपंच:
उरलेलं मी वाढतो. टेकूंवर फळ्या टाकल्या की मेज तयार, जेवणं उरकली की उचलून भिंतीला. मग 'बोर्ड' म्हणजे मेज, मेजावरचं जेवण (बोर्डिंग स्कूलमधलं बोर्डिंग ते हेच) आणि शेवटी मेजाभोवती बसून निर्णय घेणारी माणसं. पत्ते खेळताना हात मेजाच्या वर दिसले पाहिजेत, म्हणून सरळ व्यवहार 'अबव्ह बोर्ड'. कपबोर्डही आधी पेले मांडायची उघडी फळीच होती, दारं मागाहून लागली.

अवांतर:
आपल्याकडेही लाकडाची माणसं होतातच की! कार्यकर्त्यांची फळी, क्रिकेटमधली मधली फळी. आणि 'खंडपीठ' म्हणताना आपण आसनाचं नाव घेतो, अभिप्रेत असतात न्यायाधीश.

शब्दशोधिनी:
अवांतर, मग 'कंपनीच्या संचालकांची फळी' लिहून टाकू?

सुकाणू:
नको हो! ते लढाईला निघाल्यासारखे वाटतील. मंडळच ठेवा. आणि स्टारबोर्डला नुसतं 'उजवीकडे' लिहू नका. माणूस मागे वळून उभा राहिला की त्याची उजवी बाजू बदलते, जहाजाची नाही.

शब्दशोधिनी:
अरे देवा. तिसऱ्या प्रकरणात नेमकं तेच केलंय. 'जहाजाच्या उजव्या अंगाला' करते.