मदत हवी आहे: शिस्त समितीसाठी विद्यार्थी सदस्य कसे निवडावेत, कसे तयार करावेत?

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या शिस्त समितीत यंदापासून विद्यार्थीही बसणार आहेत. परीक्षेतली कॉपी, प्रोजेक्टमधली उचलेगिरी, हॉस्टेलमधली मारामारी, तोडफोड अशी प्रकरणं त्यांच्यापुढे येतील. (लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी वेगळी समिती आहे, त्या इथे येणार नाहीत.) निवड आणि प्रशिक्षण माझ्याकडे आहे. इथल्या एका निर्णयाने एखाद्या मुलाचं अख्खं वर्ष जाऊ शकतं, म्हणून घाई करायची नाही असं ठरवलं आहे.

अर्ज भरपूर आलेत. अडचण अशी की मुलाखतीत छाप पडते ती बोलक्या, ठाम मुलांची. "कॉपी करणाऱ्याला माफी नाही" असं ठासून सांगणारा सगळ्यांना आवडून जातो. मला मात्र समोरच्याचं पूर्ण ऐकून होईपर्यंत मत राखून ठेवणारा सदस्य हवा आहे, आणि नवा कागद पुढे आला तर आपलं मत बदलणारा. हा गुण मुलाखतीत ओळखायचा कसा?

दुसरं, काही सहकाऱ्यांचा आग्रह आहे की फक्त गुणवत्ता यादीतली, कधीही तक्रार नसलेली मुलं घ्यावीत. ज्याच्यावर सध्या तक्रार चालू आहे तो नको, हे मान्य. पण पहिल्या वर्षी शिक्षा भोगून नंतर नीट वागलेल्या मुलाला कायमचं बाहेर ठेवणं मला पटत नाही.

तिसरं, प्रशिक्षणाला जेमतेम दोन दिवस मिळतील. नियमावली वाचून दाखवण्यात ते जायला नकोत. काय घ्यावं, काय गाळावं?

निरंजन:
मुलाखतीत प्रश्न कमी विचारा, एक प्रकरण हातात द्या. मी हे असं करतो. पहिला कागद: दोन उत्तरपत्रिका, दोन्हीत एकाच पायरीवर बेरजेची तीच चूक. मत लिहायला सांगायचं. मग दुसरा कागद, बैठकव्यवस्थेचा: दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसले होते. पुन्हा मत लिहायचं. मग तिसरा: दोघांनी एकाच्याच नोट्सवरून अभ्यास केला होता आणि ती चूक मुळात त्या नोट्समध्येच आहे. पहिल्या कागदावर "दोषी" लिहून मोकळा झालेला उमेदवार तिसऱ्या कागदानंतर काय करतो ते बघा. काही जण शांतपणे आपलं वाक्य खोडतात. काही जण "तरीही काहीतरी असणारच" म्हणत पहिल्याच मताला चिकटून राहतात. आणि एखादी मुलगी पहिल्याच कागदाला विचारते, "हे दोघं कुठे बसले होते?" तिला घ्या.

वकीलकाकू:
प्रशिक्षणात दोन तत्त्वं हाडीमाशी खिळली पाहिजेत. ज्याच्यावर आरोप आहे त्याला आरोप आधी कळला पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. आणि कुणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये.

दुसऱ्यासाठी इंग्लंडचा ससेक्स जस्टिसेस खटला सांगा, १९२४ च्या निकालसंग्रहातला. मोटार अपघाताचं प्रकरण होतं. न्यायदंडाधिकारी निर्णय ठरवायला आत गेले तेव्हा त्यांना कायद्याचा सल्ला देणारा कारकूनही सोबत गेला. हा कारकून ज्या वकिली फर्ममध्ये भागीदार होता, तीच फर्म त्या अपघातातल्या दुसऱ्या पक्षातर्फे भरपाई मागत होती. आत त्याने कुणाला काही सांगितलं नाही, कुणी त्याला विचारलंही नाही. तरी आरोपी चालकाची शिक्षा रद्द झाली, कारण न्याय नुसता होऊन चालत नाही, तो होताना दिसावाही लागतो. "मी रूममेट असलो तरी निःपक्ष राहीन" म्हणणाऱ्या सदस्याला एवढं पुरे. कॉलेजात सगळेच एकमेकांना ओळखतात, म्हणून लागतात त्यापेक्षा बरेच जास्त सदस्य तयार ठेवा. ऐनवेळी कुणी बाजूला झालं तर सुनावणी अडणार नाही.

पहिल्यासाठी अमेरिकेतला डिक्सन खटला. १९६० मध्ये अलाबामातल्या एका सरकारी कॉलेजने वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात उतरलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना नोटीस नाही, सुनावणी नाही, थेट काढून टाकलं. १९६१ मध्ये अपील न्यायालयाने हे चूक ठरवलं. विद्यार्थ्यांना हा खटला लगेच भिडतो.

आणखी एक: दोष सिद्ध व्हायला किती पुरावा लागतो, "घडलं असण्याची शक्यता जास्त" इतका की त्याहून वरचा, हे तुमच्या नियमावलीत काय आहे ते प्रत्येक सदस्याकडून त्याच्या शब्दांत वदवून घ्या.

सायली_म:
मी विद्यार्थी सदस्य होते, त्या बाजूने सांगते. लुटुपुटूची सुनावणी घ्याच, आणि प्रत्येकाला एकदा आरोपीच्या खुर्चीत बसवा. "असं का केलंस?" आणि "त्या संध्याकाळी काय झालं ते सांग" यातला फरक त्या खुर्चीत बसल्यावरच कळतो.

मत देताना सरांनी शेवटी बोलावं. सर आधी बोलले की आम्ही माना डोलवायचो. आधी चिठ्ठीवर लिहायचं आणि मग चर्चा, असं सुरू झाल्यावर मतं खरोखर वेगळी यायला लागली.

दोषी आहे का, हे आधी ठरवायचं. शिक्षा काय, हे नंतर. जुन्या तक्रारींची फाइल दुसऱ्या टप्प्यातच उघडायची.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: आमच्यात शिक्षा भोगलेला एक जण होता. सुनावणीला आलेला मुलगा घाबरून काय काय लपवतो, हे त्याला आमच्याआधी कळायचं. जरूर घ्या.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. निरंजन, तीन कागदांची कल्पना मी आमच्या विषयांना जुळवून वापरणार आहे. चिठ्ठी आधी, चर्चा नंतर, हे थेट नियमावलीत घालायचा प्रस्ताव देतो. सहकाऱ्यांपुढे सायलीताईंचा अनुभवही मांडेन.

एक शंका उरली. निकाल लागल्यावर मेसमध्ये, व्हॉट्सअॅप ग्रुपवर विद्यार्थी सदस्यांना धारेवर धरलं जातं का? गोपनीयतेमुळे त्यांना उलट उत्तरही देता येणार नाही. निर्णयपत्रावर तुम्ही सदस्यांची नावं घालता, की फक्त अध्यक्षांची सही असते?