चारा पिकं : पाटपाणी, तुषार की ठिबक? हिशेब कसा मांडायचा?

सारावाफा :
एक हेक्टर चारा आहे असं धरा. अर्ध्यात संकरित नेपिअर, अर्ध्यात लसूण घास, विहिरीत पाणी २० मीटरवर, सध्या पाटाने भिजवण. पाणी वाचतं हे सगळेच सांगतात, पण एकूण खर्च उतरतो का? आकडेमोडीसकट सांगा.

पंपघर :
पाणी वाचलं म्हणजे वीज वाचली असं धरू नका, बहुतेकांचा हिशेब तिथेच फसतो.

१ घनमीटर पाणी १ मीटर उचलायला ०.००२७ युनिट लागतं. पंप-मोटरची मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली तर सुमारे ०.००५५. पाटाला १०० घनमीटर, २० मीटर उचल : ११ युनिट. तेवढंच पीक तुषारवर ७० घनमीटरमध्ये भिजलं तरी तोटीला अडीच किलो दाब हवा, म्हणजे उचल २५ मीटरने वाढली : १७ युनिटच्या वर. ठिबकला ६० घनमीटर आणि फिल्टर, घर्षण धरून जादा १५ मीटर : साडेअकरा. याच आकड्यांवर ठिबक साधारण २२ मीटर खोलीपासून विजेत फायद्यात येतं, तुषार साठेक मीटरपासून.

नळीफिल्टर :
विजेपेक्षा नळ्यांचा खर्च भारी पडतो. नेपिअरच्या जोडओळीत उपनळ्या १.२ मीटरवर ठेवल्या तर हेक्टरी ८,३३३ मीटर नळी लागते. लसूण घास दाट पेरलेली, तिथे ६० सेंमीवर नळी हवी, म्हणजे १६,६६७ मीटर. आता १० टक्के व्याजाने ठिबक संच ७ वर्षं टिकला तर दरवर्षी भांडवलाच्या साडेवीस टक्के अंगावर येतात, ५ वर्षंच टिकला तर २६ टक्के. आणि चाऱ्यात तो कमीच टिकतो : दर कापणीला विळा लागतो, यंत्राने कापलं तर नळी पात्यात गुंडाळते. कापणीआधी नळ्या गुंडाळायच्या तर मजुरी आलीच. जमिनीखाली पुरल्या तर विळ्यापासून सुटका, पण उंदीर कुरतडतात, मुळं ड्रिपरमध्ये शिरतात, आणि गळती वर ओल दिसेपर्यंत कळत नाही. शिवाय घासाचं बी जेमतेम १-२ सेंमीवर असतं. पुरलेल्या नळीने वरचा थर भिजत नाही, म्हणून उगवणीची पाणी-पाळी वरूनच द्यावी लागते.

सारावाफा :
मग घासाला तुषार?

पंपघर :
बसतो, पीक बुटकं आहे. वारा कमी असताना, म्हणजे पहाटे चालवा. पाणी खारट असेल तर नको, पानं करपतात. नेपिअर मात्र उंच वाढतो, तोट्या पानांआड जातात आणि भिजवण ठिपक्याठिपक्यांची होते.

मातीपरीक्षक :
त्याआधी स्वस्तातला उपाय करा. मातीचा पाट मोडून त्याजागी पाइप टाका, रान समतल करा, सारे, म्हणजे पाण्यासाठी पाडलेले लांबट वाफे, फार लांब असतील तर आखूड करा. पाणी साऱ्याच्या तीन चतुर्थांशावर पोचलं की दारं फिरवा, म्हणजे पाणी पुढच्या साऱ्यात वळवा, उरलेलं अंतर ते आपसूक गाठतं. हलक्या, झिरपणाऱ्या जमिनीत थोडं उशिरा. भांडवल संचापेक्षा बरंच कमी लागतं.

आणि वाचलेल्या पाण्याचं करणार काय? विहीर उन्हाळ्यातही पुरत असेल तर त्या बचतीला किंमत नाही. पुरत नसेल तर उन्हाळ्यात एक कापणी जादा निघते का तेवढं बघा, त्या टनांवरच संच फिटतो. ज्वारी चाऱ्याला असेल तर पाळ्या लांबवून बचत करू नका. ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत हायड्रोसायनिक आम्ल वाढतं, जनावर दगावतं.